फोटोमावशीचा एकच प्रश्न

अन्याय झाला तो फोटोमावशीवर आणि एका मुलीवर. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारची जेवणं उरकत असताना, मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटमधल्या फोनांवर एक जाहिरात फिरायला लागली आणि संध्याकाळपर्यंत दोघींचं जे व्हायचं ते होऊन गेलं. मुलीचं नाव मी सांगणार नाही. ती लांजीकडची, बैहरकडची की बिरसाकडची, तेही सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते जिभेवर पुष्कळ नाचवून झालं आहे. फोटोमावशीबद्दल मात्र मी सांगणार आहे, कारण तिच्याबद्दल आपल्या गावात आज जे बोललं जातं ते खोटं आहे.

मावशीचं दुकान म्हणजे आमच्या वॉर्डातल्या तिच्या घराची पुढची खोली. भिंतीला निळा पडदा, कोपऱ्यात प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, वर ट्यूबलाइट. दुकान मुळात तिच्या दिराचं. तो चांगला कॅमेरा घेऊन रायपूरला गेला आणि जुना हिच्यापाशी राहिला. नवरा बैहर-बिरसा जीप चालवायचा, अधूनमधून घरी यायचा. मावशी कुठे शिकलेली नव्हती. दिराच्या शेजारी उभं राहून जेवढं दिसलं तेवढंच तिला येत होतं, आणि ते ती कुणापासून लपवायची नाही.

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी ती समोरच्याला विचारायची, "कोण पाहणार हाय?" शाळेच्या फॉर्मसाठी आलेलं पोरगं म्हणायचं, मॅडम पाहतील. मग ठीक. पेन्शनवाला म्हातारा म्हणायचा, बँकेवाला पाहील. तेही ठीक. पण लग्नाच्या मुलीला घेऊन आई आली की मावशी अडून बसायची.

"पाहणारे पाहतीन ना बाई," आई म्हणायची.

"पाहणारे म्हंजे कोण? नावं सांग."

"आता कोणाकोणाचं नाव सांगू? तू फोटो काढून राह्यली का जनगणना करून राह्यली?"

मावशी हसायची, पण उत्तर मिळेपर्यंत बटण दाबायची नाही. एकदा मी तिला म्हटलं, कशाला गिऱ्हाईक तोडतेस? तेव्हा तिनं स्वतःचं सांगितलं. "माहा फोटो मामाच्या खिशातून किती गावं फिरला, मले कोणी सांगतलं नाही. वापस आला तवा कोपरा मोडला होता अन पाठीवर पानाचा डाग. थे पान कोण खाल्लं होतं, मले आजपर्यंत मालूम नाही." हे तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं. माझं मात्र डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, तिचं फिरायचं नाही, एवढाच आमच्यात फरक.

पाहण्याचा फोटो कसा असतो ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. डोक्यावर पदर, एक हात कुंडीवर, नजर खाली नाही आणि समोरही नाही. पुरुषाच्या स्टुडिओत घरचे पाठवत नाहीत, म्हणून लांजी, बैहर, बिरसा या तिन्ही तहसिलींतून मुली मावशीकडे यायच्या. तो फोटो झाला की ती आईला म्हणायची, "तुमी बाहेर चहा घ्या व माय." दार लोटून घ्यायची आणि मुलीला म्हणायची, "हा घरचा झाला. आता तुहा काढू. कसा पाहिजे?"

कुणी केस सोडायच्या. कुणी बापाचा चष्मा लावायच्या. एकीला काहीच सुचलं नाही, ती नुसती रडली, आणि मावशीनं विचारलं, "असाच काढू?" ती म्हणाली, असाच. तो दुसरा फोटो मुलीच्या हातात जायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्याचे पैसे मावशी घ्यायची नाही आणि त्याबद्दल बोलायचीही नाही. तीनचार जिल्ह्यांत विचारून या, लग्नाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुलीला "कसा पाहिजे" असं दुसरं कुणी विचारतं का.

माझा काढला तेव्हा मी हाताची घडी घालून बसले. मला लग्न नको होतं आणि तसंच तोंड मी केलं होतं. प्रिंट निघाली तर तोंडच नव्हतं. डोळे होते, दात होते, बाकी कढईचं बूड. आई आत येऊन डोकावली आणि म्हणाली, "पोरगी काळी तं फोटो काळाच येईन ना बाई."

"पोरगी काळी नाही आली, फोटो खराब आला," मावशी म्हणाली. "पडदा दिसते, कुंडी दिसते, पोरगी दिसत नाही. मले येत नाही व, सावळं तोंड काढाले मले येत नाही." मग तिनं कॅमेऱ्यात काहीतरी वरखाली केलं आणि पुन्हा काढला. या खेपेला मी राखेसारखी पांढरी. दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवून ती बराच वेळ पाहत राहिली. "एकतर कढई, नाही तं राख. मधातली पोरगी कुठी गेली?"

आपल्याकडच्या बहुतेक मुली मधातल्याच आहेत. गिऱ्हाईक तिला सांगायचं, थोडी गोरी कर, बाजूच्या दुकानात फुकट करून देतात. ती करायची नाही. गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जायचं. मावशीला त्याचं वाईट वाटायचं, पण जास्त वाईट याचं वाटायचं, की गोरी न करता जशी आहे तशी काढणंही तिला जमत नव्हतं. म्हणून तिला शिकायचं होतं. तिला ना बोर्डावर नाव पाहिजे होतं, ना भिंतीवर सर्टिफिकेट. तिला मधातली पोरगी काढता यायला पाहिजे होती.

बालाघाटात शिकवणारं कुणी नव्हतं. रोज नागपूरला जाणं म्हणजे दुकानाला कुलूप, आणि पाहुणे येणार म्हटलं की मुलीची आई सांगून सवरून येत नाही. म्हणजे घरबसल्या शिकायचं, दूरशिक्षणानं. मी माझा फोन घेऊन दुपारच्या दुपारी तिच्याकडे बसू लागले. मी कोर्स वाचून दाखवायचे: कोणता कॅमेरा लागतो, किती महिने, परीक्षा कुठे, भाषा कोणती. ती मान हलवायची आणि म्हणायची, "मी पाठवलेले फोटो कोण पाहणार हाय, थे लिहिलं हाय का?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही फोन लावू लागलो.

पहिला कोर्स मला पसंत होता. पुस्तकं पोस्टानं येणार, भाषा हिंदी, परीक्षा जबलपूरला. रुक्ष, पण भरवशाचा वाटणारा. मावशीनं फोनवरच्या माणसाला विचारलं, "भैया, मैं जो फोटो भेजूंगी, वो कौन कौन देखेगा?"

"मैडम, फोटो तो देखने के लिए ही होती है."

"नहीं, मेरे को आदमी बताओ."

"नियमानुसार देखी जाएगी."

तिनं फोन माझ्या हातात दिला. "नियमानुसार म्हंजे कोण? नियमाले डोये असते का?"

दुसरा कोर्स दिल्लीकडच्या एका ॲपवरचा. तिथली मुलगी फार उत्साहानं बोलत होती. "मैम, आपकी फोटो पूरी दुनिया देखेगी." मावशीनं फोन खाली ठेवला, बंदही केला नाही. आतून मुलगी मैम, मैम करत राहिली.

मी वैतागले. "मावशे, तू कोर्स निवडून राह्यली का जावई?"

"जावई वापस तरी पाठवता येते," ती म्हणाली. "फोटो वापस येत नाही."

तिसरी नागपूरची एक खासगी संस्था. फोन उचलणारी मुलगी हिंदीतच बोलत होती. मावशी तिला समजावता समजावता अडली आणि तिच्या तोंडून आपली भाषा निघून गेली. "अव, मी इचारून राह्यलो का माहे फोटो कोण पाहीन?" मग ती मुलगी म्हणाली, "मावशी, तुमी कुठच्या व? मी गोंदियाकडची." पाच मिनिटं दोघी पाऊस, धान, कुणाचं गाव कुठल्या रस्त्याला, हेच बोलल्या. शेवटी मावशीनं पुन्हा तेच विचारलं. मुलगी म्हणाली, "हौ मावशी, तुमचे फोटो मास्तरच पाह्यते. कोणालेच नाही दाखवत."

मावशीनं फोन ठेवला तेव्हाच मला कळलं, की कोर्स ठरला. बालाघाटात आपला दिवस कसा जातो? बँकेत हिंदी, बसमध्ये हिंदी, कचेरीत हिंदी, पोरांच्या शाळेत हिंदी. आपली बोली चुलीजवळ उरली आहे, आणि चुलीजवळ माणूस फसवत नाही असं आपण धरून चालतो. त्यामुळे अनोळखी फोनवर ती ऐकू आली की आपण लगेच पाट मांडतो. मी म्हटलं, "हे तिच्याकडून लिहून घे." मावशी म्हणाली, "पोरीनं हौ म्हटलं ना." मी म्हटलं, "ती पगारी हाय मावशे, समोर कागद ठेवून बोलते." ती म्हणाली, "पगारी असन. आपली तं हाय." यावर माझ्याकडे उत्तर होतं, तिला ते नको होतं.

एक मात्र खरं सांगायला पाहिजे, कारण पुढे मी जे पत्रक काढलं त्यात ते सांगितलं नव्हतं. कोर्स चांगला होता. शिकवणारे मास्तर चांगले होते. त्यांचे धडे फोनवर यायचे आणि मावशी ते पुन्हापुन्हा लावून ऐकायची. उजेड समोरून मारायचा नाही, बाजूनं येऊ द्यायचा, हे ऐकल्यावर तिनं ट्यूबलाइट बंद केली आणि खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेली, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. गिऱ्हाइकं कुरकुरली. "आमी फोटो काढाले आलो का कोंबड्या पाहाले?" पडवीची भिंत पिवळी होती, तिच्यामुळे तोंडं पिवळी येत. मावशीनं भिंतीवर धुतलेलं पांढरं धोतर टांगलं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. एक दिवस तिनं मला पडवीत बसवलं, फोटो काढला आणि कॅमेरा उलटा करून समोर धरला. त्यात मी होते. कढई नव्हती, राख नव्हती. मावशी धोतराची घडी घालत बसली.

त्याच दिवसांत, जिचं नाव मी सांगत नाही, ती मुलगी आली. घरचा फोटो झाल्यावर मावशीनं विचारलं, कसा पाहिजे. मुलगी म्हणाली, बाहेर भावाची मोटरसायकल उभी आहे, तिच्यावर बसलेला. गाडी ढकलत पडवीत आणली. मुलगी बाह्या वर करून बसली, दोन्ही हात हँडलवर, आणि हसली. पदराआडून नाही, तोंडभर. मावशी म्हणायची, जिंदगीत तिनं काढलेला तो पहिला फोटो.

शेवटच्या परीक्षेसाठी एका माणसाचा फोटो पाठवायचा होता. मावशीला तोच पाठवायचा होता. पण तो मुलीचा होता, तिचा नव्हता. म्हणून ती बसनं मुलीच्या गावी गेली, मला सोबत घेऊन. मुलगी अंगणात धान वाळवत होती. मावशीनं हळूच विचारलं, "थो मोटरसायकलवाला मास्तरले दाखवू का?"

"मास्तर म्हातारे हायत का?"

"आवाजावरून तं वाटते."

"मंग दाखव. पण एकट्या मास्तरले."

"एकट्या मास्तरले," मावशी म्हणाली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथे उभी होते. मी साक्षीदार आहे.

फोटो गेला. मास्तरांचं उत्तर आलं, त्वचेचा रंग जसाच्या तसा आला आहे, शाबास. मावशीनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

आणि मग तो मंगळवार. जाहिरात संस्थेची होती: घरबसल्या फोटोग्राफी शिका. वर फोन नंबर, खाली मोटरसायकलवर बसलेली मुलगी. आणि त्यांनी तिला गोरी केली होती. दुधासारखी. जो रंग आणायला एक बाई उन्हाळा आणि पावसाळा खुराड्याशेजारी बसली, तो रंग संस्थेतल्या कुणीतरी बोट फिरवून काढून टाकला होता. तरीही आपल्या गावानं तिला ओळखलं. मग गावानं आपलं काम केलं. कुणी फोटोखाली काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही, लिहिणाऱ्यांनी ते आपल्या आईला वाचून दाखवावं. मुलीचं लग्न तोवर ठरलं होतं; संध्याकाळी होणाऱ्या सासरहून निरोप आला, की आम्ही दुसरीकडे पाहतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या बसमध्ये पोरांनी मोटरसायकलचा आवाज काढला. तिसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद झालं.

मुलीचा बाप दुकानात आला तेव्हा मी तिथेच होते. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. तो ओरडला नाही. त्यानं फोन टेबलावर ठेवला, त्यात तो फोटो उघडा होता. "बाई, मी माही पोरगी तुह्याकडे पाठवली होती," तो म्हणाला. "चौकात नाही पाठवली."

मी मध्ये पडले. संस्थेनं फसवलं, मावशीचा दोष नाही, असं सगळं सांगायला लागले. मावशीनं मला हातानं थांबवलं. "एकटा मास्तर पाहीन म्हटलं होतं मी तिले," ती त्याला म्हणाली. "माही जबान खोटी झाली, दादा. जबान माही होती, संस्थेची नाही." त्यानं फोन उचलला आणि तो निघून गेला. त्याचाही काय दोष? पण त्या दिवशी माझ्या हातात काही असतं तर मी फोडलं असतं.

संस्थेला मी फोन लावला. उचलला त्याच मुलीनं. मावशीचं नाव ऐकून ती खूश झाली. "मावशीचं काम लय आवडलं साहेबाले, म्हणून जाहिरातीत घेतलं. अभिनंदन सांगा त्याईले." मी तिला जे बोलायचं ते बोलले. ती म्हणाली, "ताई, मले सांगाले सांगतलं थे मी सांगतलं. मी फक्त फोन उचलतो." मावशी शेजारीच बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "नको रागावू तिच्यावर. तिची नोकरी जाईन."

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची बैठक बोलावली. मला त्या पत्रकावर दोन फोटो शेजारी छापायचे होते, खरा आणि गोरा केलेला, म्हणजे चोरी उघडी पडेल. मावशीनं ऐकलं आणि विचारलं, "अन तुहं पत्रक कोण पाहणार हाय?" पत्रक फोटोशिवाय निघालं. नावाशिवाय, गावाशिवाय. आम्ही दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत भरते त्या जनसुनावणीत गेलो, संस्थेला तक्रार पाठवली, मंडळाची मुलं नागपूरला संस्थेच्या दारात जाऊन बसली. संस्थेनं जाहिरात काढली आणि खेद कळवला. खेद कुणाला कळवला? मावशीला. मुलीला नाही. मुलगी कोण हे विचारण्याचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

तोवर इकडे आयांनी मुली पाठवणं बंद केलं होतं. बाजूच्या स्टुडिओवाला सांगत सुटला, की बाईच्या हातात कॅमेरा दिला की असंच होणार. त्याच्या दुकानातून आजवर किती मुलींचे फोटो कुठे कुठे गेले, हे त्याला कुणी विचारलं नाही. जीपमध्ये लोक नवऱ्याला ऐकू जाईल असं बोलायचे. तो मावशीला काही म्हणाला नाही, पण जेवताना मान वर करेनासा झाला. एक दिवस निळा पडदा उतरला. ती गोंदियाकडे बहिणीच्या गावी निघाली.

बसस्टँडवर मी तिला सोडायला गेले. मी चिडूनच गेले होते. म्हटलं, "मावशे, पळून काहून जाऊन राह्यली? तू काय केलं?"

"पळून नाही जात. थांबलो हाय."

"कशासाठी?"

"थो फोटो जोपर्यंत एकाच्याही फोनात हाय, तोपर्यंत मी कॅमेरा हातात घेत नाही. कोण्या तोंडानं दुसऱ्या पोरीले म्हणू, कसा पाहिजे?" मग बस लागली. ती चढली, खिडकीशी बसली आणि मला म्हणाली, घरी जा, उन्हात उभी राहू नको.

मुलगी मला महिन्याभरानं भेटली. लग्न मोडल्याचं तिला फार काही नव्हतं. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मावशीवर माझा राग नाही, तिला तसं सांगा. दुसरी गोष्ट तिनं जमिनीकडे पाहत विचारली. "मले गोरी काहून केली? मी तं चांगली आली होती." कॉलेजात ती अजून जात नाही. बसमध्ये चढली की कोण आपल्याकडे पाहतंय आणि कोणाच्या खिशातल्या फोनात आपण आहोत, हे तिला कळत नाही, म्हणून.

मला कळतं. तुमच्या फोनात आहे. तुम्ही त्याखाली काही लिहिलं नाही, तुम्ही हसलाही नसाल. तुम्ही चांगले लोक. ग्रुपवर आला, तुम्ही पाहिला, राहू दिला. संस्थेची जाहिरात उतरवायला आम्ही नागपूरला जाऊ शकलो, तुमच्या खिशात हात घालू शकत नाही. म्हणून हे वाचणं इथे थांबवा. फोन काढा, तो फोटो शोधा आणि पुसा. ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला आणि ज्याला तुम्ही पाठवला त्याला फोन लावून पुसायला सांगा, आणि त्यानं पुसेपर्यंत फोन ठेवू नका. संध्याकाळी नाही, आत्ता.